सोलच्या तबकड्या आणि गाण्यांची दुसरी रूपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांतलं अमेरिकन सोल, म्हणजे तिकडच्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत, तबकडीवर जमवायला लागलं की कधी ना कधी लक्षात येतं, आपल्याकडे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आहेत आणि दोन्ही सारख्या वाजत नाहीत. मग जे खूळ लागतं त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत, ती वेगळी काढलेली नाहीत.

‘दुसरं रूप’ नेमकं कशाला म्हणायचं?

या एका नावाखाली बऱ्याच गोष्टी खपतात. एक म्हणजे वेगळा टेक: गायक-वादकांनी तेच गाणं पुन्हा वाजवलं आणि ती रीळ शिल्लक राहिली. दुसरं, वेगळं मिक्स: गायन-वादन तेच, पण कोणता आवाज पुढे, कोणता मागे, हे कुणीतरी नव्याने ठरवलं. तिसरं, काटछाट: बारा मिनिटांचं गाणं रेडिओसाठी चार मिनिटांत बसवलं. चौथं, त्याच संगीतावर वेगळं गायन, कधी दुसऱ्या गायकाचं, कधी दुसऱ्या भाषेतलं. आणि शेवटचं, काही वर्षांनी गाणं मुळापासून पुन्हा ध्वनिमुद्रित करणं. आयझली ब्रदर्सनी १९६४ चं ‘हूज दॅट लेडी’ १९७३ मध्ये ‘दॅट लेडी’ म्हणून केलं. ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकातलं आपलं ‘टेन्टेड लव्ह’ १९७६ मध्ये परत गायलं.

पहिल्या चार प्रकारांत खरी मौज आहे. पाचवा माझ्या लेखी वेगळंच गाणं.

माझ्या प्रतीचं लेबल वेगळ्या रंगाचं आहे. म्हणजे ते दुर्मीळ रूप झालं का?

बहुतेक वेळा नाही. एकच तबकडी तीन-तीन कारखान्यांत छापली जायची आणि प्रत्येकाचं लेबलचं छापकाम थोडं निराळं असायचं. अक्षरं जाड-बारीक, रंग फिका-गडद, कंपनीचा पत्ता असलेला-नसलेला. हे छपाईचे भेद झाले. ते जमवणारेही आहेत, त्यांचा छंद त्यांना लखलाभ; पण सुई टेकवल्यावर ऐकू येतं ते तेच गाणं. नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. विक्रेता ‘रेअर व्हेरिएंट’ म्हणतो, आपण कानाला न विचारता खिशात हात घालतो.

एकाच गाण्याची सिंगल आणि एलपी वेगळी का असायची?

सिंगल म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी, एलपी म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी. दोन्हींची गिऱ्हाइकं वेगळी. सात इंची, ४५ फेऱ्यांची सिंगल एएम रेडिओसाठी, ज्यूकबॉक्ससाठी आणि पोरासोरांच्या खाऊच्या पैशांसाठी निघायची. तिचं मिक्स मोनो (डावा-उजवा भेद न करता सगळा आवाज एकत्र), दणदणीत आणि छोट्या स्पीकरवरही ठसठशीत ऐकू येणारं हवं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत तिचा मालक बेरी गॉर्डी दर शुक्रवारी बैठक घेऊन कोणतं गाणं बाजारात जायचं ते ठरवायचा. डेट्रॉइटमधल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरातल्या त्यांच्या स्टुडिओत एकाच गाण्याची अनेक मिक्स व्हायची आणि त्यातलं एक निवडलं जायचं. उरलेली कपाटात. एलपीचं स्टीरिओ मिक्स बऱ्याचदा नंतर, सवडीने केलेलं असायचं, आणि त्यात गाणं विरत जाण्याची जागाही बदललेली सापडते.

काटछाटीचं सगळ्यात बोलकं उदाहरण सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’. मार्च १९६४ च्या एलपीवर ते पूर्ण आहे. डिसेंबर १९६४ मध्ये, कुक गोळी लागून गेल्यानंतर, ते ‘शेक’च्या मागच्या बाजूला सिंगल म्हणून आलं तेव्हा त्यातलं एक कडवं गायब होतं. कोणतं? सिनेमाला आणि गावात जायला निघालेल्या माणसाला ‘इथे घुटमळू नकोस’ असं सुनावलं जातं, ते. वर्णभेदाचा थेट चटका ज्या ओळींत होता त्याच रेडिओसाठी काढल्या. ही सिंगल काही फार दुर्मीळ नाही, महागही नाही. पण दोन्ही तबकड्या एकामागोमाग लावा. कुणाला कशाची भीती होती ते काही न वाचता कळतं.

जेम्स ब्राउनची गोष्ट जरा गमतीची. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ फेब्रुवारी १९६५ मध्ये शार्लट गावात एका दमात वाजवलं गेलं, सुमारे सात मिनिटं. सिंगलसाठी त्याचे दोन भाग केले आणि टेपचा वेग वाढवला. जगाला माहीत असलेला तो तडफदार सूर यंत्राने वर ओढलेला आहे! मूळ वेगातलं अखंड ध्वनिमुद्रण १९९१ मध्ये ‘स्टार टाइम’ या संचात आलं, आणि तेही सीडीवर. तबकडीभक्तांनी नाक मुरडलं तरी ते ऐकलंच पाहिजे. मूळ वेगात गाणं जास्त जड, जास्त मातीतलं वाटतं. तरी माझं मत विचाराल तर सिंगल ज्याने केली त्याला बाजार कळत होता.

मोनो घ्यावी की स्टीरिओ?

१९६७-६८ च्या आधीची असेल तर आधी मोनो ऐका. त्या काळी कलाकार आणि ध्वनितंत्रज्ञ यांचं सगळं लक्ष मोनोवर असायचं. अमेरिकेत मोनो एलपी त्याच सुमारास बंद होत गेल्या, त्यामुळे १९६८ च्या मोनो प्रती कमी आणि महाग. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड’ असलं काही छापलेलं असेल तर ती तबकडी सरळ परत ठेवा. ते मोनोलाच फिल्टर आणि प्रतिध्वनी लावून केलेलं खोटं स्टीरिओ आहे.

अपवाद सांगायलाच हवा. ओटिस रेडिंगची ‘ओटिस ब्लू’ जुलै १९६५ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत साधारण एका दिवसात उरकली. न्यूयॉर्कहून आलेला ध्वनितंत्रज्ञ टॉम डाउड तिथे स्टीरिओ ध्वनिमुद्रण करत होता. ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ हे गाणं आधीच एप्रिलमध्ये मोनोत होऊन सिंगल म्हणून गाजत होतं. ते जुलैमध्ये स्टीरिओत पुन्हा गायलं गेलं. त्यामुळे इथे मोनो-स्टीरिओ हा नुसता मिक्सचा फरक राहत नाही, गाणंच दोनदा गायलेलं आहे. एकच नाट्यपद दोन प्रयोगांत ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको: शब्द तेच, चाल तीच, पण कोणत्या शब्दावर किती थांबायचं ते त्या रात्रीचं.

सुरुवातीला कोणती रूपं ऐकावीत?

पहिली मार्व्हिन गेची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. २१ मे १९७१ ला बाजारात आलेली तबकडी सगळ्यांना ठाऊक आहे. पण ५ एप्रिलला डेट्रॉइटमध्ये तिचं एक मिक्स पूर्ण झालं होतं. गेने ते बाजूला ठेवून लॉस एंजेलिसमध्ये नवं करून घेतलं. डेट्रॉइट मिक्स २००१ मध्ये सीडीवर आलं आणि ४० वर्षांच्या निमित्ताने २०११ मध्ये निघालेल्या मोठ्या संचात तबकडीवरही. ते कोरडं आहे, आवाज अगदी शेजारी बसून गायल्यासारखा. अंतिम मिक्समध्ये जो धुक्याचा पडदा आहे तो इथे नाही. मला अंतिमच आवडतं. पण पडदा मुद्दाम लावला होता, हे डेट्रॉइट मिक्स ऐकल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, ओटिस रेडिंगच्या ‘डॉक ऑफ द बे’चे आधीचे टेक, जे १९९२ मध्ये ‘रिमेंबर मी’ या संकलनात आले. रेडिंग १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेला; लाटांचे आणि पक्ष्यांचे आवाज घालून गाणं पुरं केलं ते नंतर त्याचा गिटारवादक साथीदार स्टीव्ह क्रॉपरने. आधीच्या टेकमध्ये रेडिंग स्वतःच तोंडाने समुद्रपक्ष्यांचे आवाज काढतो. ऐकून हसू येतं, आणि मग येत नाही.

लांबीचे फरक अनुभवायचे तर टेम्प्टेशन्सचं ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ घ्या. १९७२ च्या एलपीवर जवळपास बारा मिनिटं, सिंगलवर सात, आणि सिंगलच्या मागच्या बाजूला गायनाविना नुसतं वादन. आयझॅक हेजचं ‘वॉक ऑन बाय’ १९६९ च्या एलपीवर बारा मिनिटं चालतं, सिंगलवर पाच मिनिटांच्या आत संपतं. हेजची सिंगल म्हणजे निव्वळ कापाकापी. कर्टिस मेफिल्डच्या ‘मूव्ह ऑन अप’ची सिंगल मात्र छोटी असूनही स्वतःच्या पायावर उभी आहे.

सुप्रीम्सनी जर्मनमध्ये गायलंय हे खरं का?

अगदी खरं. साठच्या दशकात युरोपचा बाजार धरण्यासाठी मोटाउनने आपल्या कलाकारांकडून परभाषांत गाऊन घेतलं. संगीत मूळ टेपवरचं, शब्द आणि गायन नवं. सुप्रीम्सचं ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ जर्मनमध्ये ‘बेबी, बेबी, वो इस्ट उन्झेरे लीबे’ झालं, टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ झालं ‘माइन गर्ल’, स्टीव्ही वंडरचं ‘अ प्लेस इन द सन’ इटालियनमध्ये ‘इल सोले ए दी तुत्ती’. गायकांनी शब्द उच्चारावरून पाठ केलेले होते आणि ते कळतं. या जर्मन-इटालियन सिंगल, चित्र छापलेल्या मूळ कव्हरसकट, जमवण्याजोग्या आहेत. कव्हर नसेल तर भाव निम्म्याच्या खाली आणा.

अॅसिटेट, टेस्ट प्रेसिंग, प्रोमो यांत फरक काय?

अॅसिटेट म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा थर आणि त्यावर थेट कोरलेली खाच. स्टुडिओतून मिक्स घरी नेऊन ऐकायला किंवा कुणाला ऐकवायला एक-दोन नग काढायचे. कधीच प्रसिद्ध न झालेलं मिक्स सापडायची खरी शक्यता इथेच. पण ती प्रत्येक वेळी वाजवली की झिजते. हातात आली तर पहिल्याच वेळी चांगल्या यंत्रावर डिजिटल नक्कल करून ठेवा. अल्कोहोलयुक्त द्रवाने पुसू नका.

टेस्ट प्रेसिंग म्हणजे कारखान्याची चाचणीची छपाई. कोऱ्या लेबलची, पण बहुतेक वेळा आतला ऐवज बाजारातल्या तबकडीचाच. प्रोमो रेडिओवाल्यांना फुकट वाटायची. साठच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन प्रोमोवर एका बाजूला मोनो आणि दुसऱ्या बाजूला स्टीरिओ, किंवा छोटं आणि लांब रूप असं दिसतं. दुकानात न आलेलं मोनो मिक्स अशा स्वस्त प्रोमोवर सापडतं. कमी पैशांत शिकार करायची असेल तर हेच रान धरा.

एका सिंगलला लाख पौंड? कोण देतं?

उत्तर इंग्लंडमधले लोक, आणि त्यांना पाहून बाकीचे. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, विगन कसिनो (१९७३ ते १९८१), ब्लॅकपूल मेक्का अशा ठिकाणी रात्रभर नाचणारी तरुण मंडळी अमेरिकेत सपशेल पडलेल्या वेगवान सोल सिंगलवर जीव टाकायची. पत्रकार डेव्ह गॉडिनने या आवडीला नॉर्दर्न सोल नाव दिलं. डीजेंची चढाओढ अशी की दुसऱ्याला गाणं ओळखता येऊ नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगायचे.

फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू’ १९६५ मध्ये मोटाउनच्या ‘सोल’ नावाच्या लेबलसाठी (इथे लेबल म्हणजे कंपनीचा छाप) छापलं गेलं. सुमारे २५० प्रती निघाल्या आणि जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या गेल्या. विल्सन पुढे गीतकार-निर्माता म्हणूनच राहिला. वाचलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली, २०२० मध्ये एक १ लाख पौंडांना. नॉर्दर्नच्या क्लबांत हेच गाणं आधी एडी फॉस्टर या खोट्या नावाने वाजत होतं. त्याच संगीतावर क्रिस क्लार्कचं गायनही आहे, आणि मला तरी ते तितकंच आवडतं. विल्सनचं ऐकायचं असेल तर १९७९ ची ब्रिटिश टॅमला मोटाउन सिंगल आहे. आवाजात लाख पौंडांचा फरक नाही.

डॅरेल बँक्सच्या ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ची ‘लंडन’ नावाच्या लेबलवरची ब्रिटिश प्रत २०१४ मध्ये १४,५४३ पौंडांना विकली गेली. हक्कांच्या वादात लंडनने ती मागे घेतली आणि गाणं ‘स्टेटसाइड’ या दुसऱ्या लेबलवर आलं. गाणं दोन्हींवर तेच आहे. म्हणजे हा लेबलाचा भाव. वर दुसऱ्या प्रश्नात सांगितलेली गोष्ट, फक्त शून्यं जास्त.

बनावट प्रत कशी ओळखायची?

खाचा संपल्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते ती विजेरी तिरकी धरून वाचा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला किंवा ठोकलेला असतो. मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्यातल्या मोटाउन प्रतींवर ‘एआरपी’ ठसा सापडतो, लॉस एंजेलिसच्या मोनार्कच्या प्रतींवर त्रिकोण आणि आकडा. ठोकलेला ठसा हवा तिथे हाताने खरवडलेली अक्षरं असतील तर सावध व्हा. सत्तरच्या दशकात नॉर्दर्न सोलच्या बाजारासाठी पुष्कळ चोरट्या प्रती छापल्या गेल्या; त्यांचं लेबल फोटोवरून उतरवल्यासारखं पुसट दिसतं.

मॅट्रिक्सचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा. लेबल तंतोतंत सारखं पण मॅट्रिक्सच्या शेवटचा आकडा वेगळा, म्हणजे तबकडी नव्याने कोरली गेली. मिक्स बदललं असेल तर सुगावा इथे लागतो. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे या पट्टीचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर सौदा सोडा.

सिंगल चकचकीत दिसते, पण वाजते खरखरीत. का?

ती स्टायरीनची असणार. अमेरिकेतल्या काही कारखान्यांत सिंगल व्हायनिलऐवजी स्टायरीनच्या निघायच्या. त्या कडक असतात, नखाने टिचकी मारली की टणक आवाज येतो, आणि लेबल वरून चिकटवलेलं असतं. जुन्या जड सुयांनी स्टायरीन आतून खरडलं जातं, वरून काही दिसत नाही. म्हणून स्टायरीन ऐकल्याशिवाय घेऊ नये. मोनो प्रत वाजवताना अॅम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबा, खरखर बरीच कमी होते.

क्वाड्रोफोनिक तबकड्या घ्याव्यात का?

सत्तरच्या दशकात चार स्पीकरसाठी वेगळी मिक्स केली गेली. ओजेजची ‘शिप अहॉय’, अर्थ विंड अँड फायरची ‘दॅट्स द वे ऑफ द वर्ल्ड’ या त्या प्रकारातही निघाल्या. सीबीएस कंपनीची एसक्यू पद्धत साध्या स्टीरिओवर चालते, त्यामुळे मिक्समधला फरक दोन स्पीकरवरही कळतो. सीडी-४ पद्धतीला मात्र खास कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) लागतं. हौस असेल तर घ्या.

बारा इंची सिंगलवरची लांब रूपं यात धरायची का?

धरायचीच. टॉम मोल्टन या मिक्स करणाऱ्याने नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवायला सुरुवात केली आणि बारा इंची सिंगल आली ती जवळजवळ अपघाताने: सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या, म्हणून कोरणाऱ्याने मोठी वापरली. खाचा ऐसपैस पसरल्यामुळे आवाज दणकट झाला. डबल एक्स्पोजर या गटाच्या ‘टेन पर्सेंट’चं डीजे वॉल्टर गिबन्सने केलेलं लांब मिक्स सॅलसोल कंपनीने १९७६ मध्ये बारा इंचीवर दुकानात विकलं. मोल्टनने फिलाडेल्फियाच्या गाण्यांवर केलेलं काम १९७७ च्या ‘फिलाडेल्फिया क्लासिक्स’ या दुहेरी एलपीवर एकत्र मिळतं. ती अजून परवडते.

अजून किती अप्रकाशित टेप शिल्लक असतील?

अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या बाबतीत उत्तर दुःखद आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या गोदामाला आग लागली आणि पाच-सहा हजार रिळं गेली. प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचे मास्टर (अंतिम मूळ टेप) दुसरीकडे होते म्हणून वाचले. जळाले ते नेमके वेगळे टेक आणि न निघालेली गाणी. अटलांटिकच्या त्या काळातल्या कलाकारांचे वेगळे टेक इतके कमी का सापडतात, त्याचं हे मोठं कारण. २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारातही आग लागली; तिथे नेमकं किती गेलं यावर अजून वाद आहे.

मोटाउनचा साठा मात्र भरपूर. युरोपातल्या कायद्यानुसार पन्नास वर्षांत प्रसिद्ध न केलेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जातो, म्हणून कंपनीने २०१२ पासून वर्षाअखेरीस ‘मोटाउन अनरिलीज्ड’ नावाने ढीगभर गाणी डिजिटल स्वरूपात काढली. तबकडीवर नाही, हीच बोंब. लंडनचं केंट लेबल मात्र जुन्या टेप धुंडाळून सात इंची काढत असतं, आणि लंडनच्याच १०० क्लबमधल्या सोल-रात्रींच्या वर्धापनदिनाला येणाऱ्यांना वाटल्या जाणाऱ्या त्यांच्या सिंगलही पुढे जमवण्याच्या वस्तू होतात.

महाराष्ट्रात बसून हे जमतं का?

जमतं, पण चोर बाजारात फ्रँक विल्सन सापडेल ही आशा सोडा. मुंबईतल्या जुन्या मालात हिंदी चित्रपटसंगीत जास्त, पाश्चात्त्य पॉप त्याखालोखाल, सोल क्वचित. नवी पुनर्मुद्रणं माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानांत विचारा. बाकी परदेशातून मागवणं आलं: किमतीत टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच बोली लावा. न्यू जर्सीतल्या एडिसनला भाऊ किंवा आतेबहीण असेल तर त्यांना प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंज फार लांब नाही. येताना तबकड्या हातातल्या सामानात उभ्या ठेवायला सांगा.

अमेरिकेतून आणलेल्या जुन्या प्लेअरवर सगळी गाणी मंद वाजतात. ही दुसरी रूपं की काय?

नाही हो. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग त्यावर ठरतो. तुमची ३३⅓ ची तबकडी २७.८ फेऱ्यांनी फिरते आहे आणि सूर तीन अर्धस्वरांनी उतरला आहे. फक्त व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. ५० हर्ट्झची पुली मिळते का पाहा, किंवा डीसी मोटरचा प्लेअर घ्या.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

तबकड्या उभ्या, भिंतीपासून थोड्या सुट्या, कपाटात सिलिका जेल. प्लास्टिकची जाड पीव्हीसी पाकिटं काढून टाका, ती तबकडीवर धूसर डाग पाडतात. बुरशी आली तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचेच्या दिशेने. कोकणात घर असेल तर अॅसिटेट तिथे ठेवूच नका.

प्रतीच्या दर्जाचे शेरे कितपत खरे मानायचे?

‘व्हीजी प्लस’ (व्हीजी म्हणजे ‘व्हेरी गुड’) म्हणजे किरकोळ खुणा, ‘व्हीजी’ म्हणजे खरखर ऐकू येणार, आणि ‘गुड’ म्हणजे वाईट. विक्रेत्याने वाजवून पाहिली की नुसती नजरेने जोखली, हे विचारा. दुर्मीळ मिक्स फक्त खराब प्रतीतच मिळत असेल तर मी घेतो, आणि चांगली मिळेपर्यंत तीच ऐकतो. चांगली मिळाली की जुनी त्याच किमतीला पुढे देतो. अशा तबकड्यांना गिऱ्हाईक असतंच.